ताऱ्याभोवतीच्या धुळीच्या तबकडीचा फोटो कसा बघायचा

एचएल टाउरी या ताऱ्याभोवतीच्या तबकडीचा तो भगवा, कड्याकड्यांचा फोटो बहुतेकांनी पाहिलाय, २०१४ मध्ये चिलीतल्या अल्मा दुर्बिणीने घेतलेला. पण कड्यांमधली काळी फट दिसली की लगेच "इथे ग्रह बनतोय" असं लिहून फॉरवर्ड करू नका प्लीज, आधी थोडं तपासून घ्या.

सगळ्यात आधी दुर्बीण कुठली ते बघा. अल्माला रेडिओ लहरींमधून मिलिमीटरच्या आसपासचे कण दिसतात आणि भगवा रंग नंतर भरलेला असतो. चिलीतल्याच व्हीएलटी या दुर्बिणीवरचा स्फिअर कॅमेरा मात्र एकदम बारीक धुळीवरून परतलेला ताऱ्याचा प्रकाश टिपतो, म्हणून एकाच तबकडीचे दोन फोटो अगदी वेगळे दिसतात आणि दोन्ही खरे असतात. स्फिअरच्या फोटोत मधोमध काळा गोल असतो ती पोकळी नाही हां, ताऱ्याचा झगझगाट झाकलेला असतो तिथे.

मग अल्माच्या फोटोचा खालचा कोपरा बघा, छोटा लंबगोल दिसेल, दुर्बिणीला जास्तीत जास्त किती बारीक दिसतं ते तो सांगतो. बातमीत तो बऱ्याचदा कापतात, म्हणून मूळ रिसर्च पेपरमधला फोटो उघडा. त्या लंबगोलापेक्षा बारीक काही दिसत असेल तर त्यावर विसंबायचं नाही.

आता वय, आणि हे खरंच महत्त्वाचं आहे. एचएल टाउरी जेमतेम दहा लाख वर्षांचा, भोवती गॅस भरपूर, ग्रह घडायचे दिवस. फोमलहॉट हा तारा तब्बल ४४ कोटी वर्षांचा, तिथली धूळ जन्मापासूनची असूच शकत नाही, बारीक कण ताऱ्याच्या प्रकाशाने बाहेर ढकलले जातात किंवा हळूहळू आत पडतात, म्हणजे लघुग्रह-धूमकेतू आपटून नवी धूळ सतत तयार होतेय. तिथे २००८ मध्ये ग्रह सापडला असं जाहीर झालं होतं, पुढे तो ठिपका पसरत पसरत दिसेनासा झाला, आता तो टकरीतून उडालेला धुळीचा ढग मानतात.

फट ग्रहामुळे पडते तशी गॅसच्या दाबातल्या चढउतारानेही पडू शकते. त्यामुळे फटीत प्रत्यक्ष ग्रह दिसतोय का ते शोधा. पीडीएस ७० या ताऱ्याचा २०१८ चा स्फिअरचा फोटो उघडा, काळ्या गोलाच्या उजवीकडे जो ठळक ठिपका आहे तो ग्रह. पुढच्याच वर्षी तिथे दुसरा सापडला आणि २०२१ मध्ये अल्माने त्या दुसऱ्याभोवती त्याची स्वतःची धुळीची तबकडी दाखवली, म्हणजे तिथे चंद्र घडण्याइतका माल आहे!