तेलाच्या लॅबमध्ये नवीन असाल तर थर्मामीटर जवळ ठेवा

ऑइल टेक्नॉलॉजी किंवा केमिकलला प्रवेश घेऊन पहिल्यांदा लॅबमध्ये उभ्या राहणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. मग तुम्ही जळगावला असा, धुळ्याला असा की शिरपूरला. ब्युरेट भरणं, एंड पॉइंट ओळखणं येतं असं धरते. आम्हाला कुणी सांगितलं नाही, ते सांगते: लॅब मॅन्युअल आपल्या उन्हाळ्यासाठी लिहिलेलं नाही.

प्रोजेक्टची खरी धावपळ मार्च ते मे. तेव्हा जळगाव-भुसावळला पारा चाळिशीच्या वर. एसी असतो तो स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या खोलीत. टायट्रेशनचे ओटे पंख्याखाली, आणि लाइट गेली की पंखाही बंद. आता एखादा व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क उजेडात धरून बघा. त्यावर बारीक अक्षरात तापमान छापलेलं असतं, २७ अंश किंवा २० अंश. काचेवरची खूण त्या तापमानाला खरी. पाण्यातल्या द्रावणांचं फार बिघडत नाही. पण अल्कोहोल आणि ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड दहा अंशांमागे जवळपास एक टक्का फुगतात, आणि तेलाच्या लॅबची निम्मी कामं याच दोघांवर चालतात.

यातच आमची बॅच अडकली, म्हणून जरा सविस्तर सांगते. आयोडीन मूल्य (शंभर ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषतं तो आकडा) काढताना विज द्रावण २५ मिली घेतो, म्हणजे ॲसिटिक ॲसिडमधलं आयोडीन मोनोक्लोराइड. तेलाने शोषून उरलेलं थायोसल्फेटने मोजतो. आमच्याकडे ब्लँक (तेल न घालता केलेलं तेच टायट्रेशन) सकाळी एकदाच व्हायचा आणि त्याचा आकडा फळ्यावर लिहिला जायचा. दिवसभर सगळे तोच वापरायचे. सकाळी लॅब ३० अंशांवर, दुपारी ४० वर. दुपारी पिपेटमध्ये २५ मिलीच येतात, पण द्रावण फुगलेलं असल्याने त्यात आयोडीन मोनोक्लोराइड कमी. थायोसल्फेट कमी लागतं, ब्लँक आणि नमुन्यातला फरक वाढतो, आयोडीन मूल्य चढतं. पाव ग्रॅम तेल घेतलं असेल तर साधारण दोनाने. हे दोन किरकोळ नाहीत. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, मानकात शेंगदाणा तेलासाठी ८५ ते ९९ आणि सरकीच्या तेलासाठी ९८ ते ११२ असा पट्टा आहे. खरं मूल्य ९८ असलेलं शेंगदाणा तेल तुमच्या कागदावर १०० दिसलं, की चांगल्या घाणेवाल्यावर भेसळीचा संशय. आणि लॅबमध्ये बोलणी कुणाला? टायट्रेशन करणाऱ्याला. आमच्यातल्या एका मैत्रिणीने तर ‘माझा हातच वाईट’ म्हणून प्रोजेक्ट बदलला. त्या पोरीचा हात उत्तम होता. याचा राग मला अजून आहे.

तेव्हा ब्लँक नमुन्यासोबतच लावा, त्याच पिपेटने, त्याच बाटलीतून. अंधारात अर्धा तास ठेवतो तोही दोघांना एकत्र. अल्कोहोलिक केओएच (अल्कोहोलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड) वापरून सॅपॉनिफिकेशन मूल्य, म्हणजे तेलाचा साबण व्हायला किती अल्कली लागते ते, काढतानाही हेच. वहीत प्रत्येक रीडिंगशेजारी तापमान लिहा. सर म्हणाले ‘काय गरज आहे’, तरी लिहा. नमुन्याचं रीडिंग ब्लँकच्या निम्म्याखाली गेलं तर तेल जास्त घेतलंय. वजन कमी करून पुन्हा लावा.

सॉक्स्लेट, म्हणजे उकळत्या द्रावकाने बियांतलं तेल काढायचं काचेचं उपकरण. त्याबाबत स्पष्टच सांगते, इथे हयगय चालणार नाही. ४० ते ६० अंशांतच उकळणारं पेट्रोलियम ईथर आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं गरम पाणी, ही जोडी आगीला आमंत्रण आहे. कंडेन्सर गार नसेल तर वाफ वरून खोलीत येते. बर्फाच्या पाण्याची बादली आणि छोटा पंप लावा. ते नसेल तर त्या दिवशी सॉक्स्लेट लावूच नका. शेजारी कुणी बर्नर पेटवला असेल तर भांडा, पण विझवायला लावा.

सीनियरच्या जर्नलवरून रीडिंग उतरवणाऱ्यांबद्दल माझं मत कडक आहे. एक्स्टर्नल (बाहेरून आलेला परीक्षक) फसतो की नाही हा प्रश्नच नाही. नोकरीत पहिल्याच टँकरच्या नमुन्याला हात थरथरतात. मी आता एमआयडीसीत तेलाच्याच लॅबमध्ये आहे, असे थरथरणारे हात बघते. त्यापेक्षा लॅब असिस्टंट भाऊंशी बोला. कुठल्या ब्युरेटचा कॉक गळतो, कुठला वजनकाटा पंख्याच्या वाऱ्याने हलतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

महागडी पुस्तकं घेऊ नका. तेल तपासणीचं भारतीय मानक आयएस ५४८ बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) संकेतस्थळावर नोंदणी करून फुकट उतरवता येतं, एफएसएसएआयचं तेल-चरबीचं मॅन्युअलही फुकट आहे. गाइडमधली कृती त्याशी ताडून बघा, गाळलेल्या ओळी लगेच दिसतील. सिद्धांतासाठी एनपीटीईएलची (आयआयटींची ऑनलाइन) व्याख्यानं पुरतात.

सुरुवातीला तुमची दोन रीडिंग एकमेकांशी जुळणार नाहीत. घाबरू नका, सगळ्यांचं तसंच होतं. हात बसायला वेळ लागतो.

आणि जमलं तर कामाचा मोसमच बदला. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या की ताजी सरकी मिळते. तेव्हाच नमुने आणा, आयोडीन मूल्यं जानेवारीत उरका, मे लिखाणाला ठेवा. जानेवारीत सकाळी ॲसिटिक ॲसिडची बाटली गोठलेली दिसली तर खराब झाली समजून फेकू नका, ते १६.६ अंशांखाली गोठतंच. झाकण थोडं सैल करून बाटली कोमट पाण्यात उभी ठेवा, पूर्ण वितळू द्या, नीट हलवा आणि मगच मोजून घ्या.