'नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस'च्या पहिल्या मीटिंगला जाताना
'नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस' म्हणजे नशा सोडू पाहणाऱ्यांचा, एकमेकांना आधार देणारा गट. डिचोलीत ओळखीचं कोणी भेटेल म्हणून पाय अडखळत असेल, तर म्हापसा-पणजीकडची मीटिंग शोधा. मीही तेच केलं. 'नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस'च्या वेबसाइटवर वार, वेळ, भाषा बघा आणि निघण्यापूर्वी फोन करून खात्री करा, जागा बदलतात. आईला सोबत न्यायचं असेल तर 'ओपन' मीटिंगच निवडा, 'क्लोज्ड' फक्त आपल्यासारख्यांची. फी नाही. नशा सोडायची इच्छा, एवढीच अट. बोलवत नसेल तर "आज फक्त ऐकतो" म्हणा. नव्या माणसासाठी पांढरा की-टॅग असतो, तो उठून घ्याच. संपल्यावर लगेच बस पकडू नका. थांबा, दोन-चार नंबर घ्या, रात्री तलफ आली की त्यातलाच एक लावा. अंग थरथरत असेल तर मात्र आधी डॉक्टर गाठा. सरकारी मोफत हेल्पलाइन: १४४४६.