गाडी घरी धुवायची तर दोन बादल्या हव्यात

आमची काळी स्विफ्ट दीड वर्षाची होती तेव्हाची गोष्ट. रात्री पार्किंगमध्ये ट्यूबलाइट लागली की बॉनेटवर त्या उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक बारीक चरे दिसायचे. गाडी कुठे घासली नव्हती, कुणी किल्ली ओढली नव्हती. ते चरे रोजच्या ओल्या फडक्याचे होते. सकाळी गाड्या पुसायला येणारा मुलगा एका बादलीत, एका फडक्याने पंधरा-वीस गाड्या पुसायचा. त्याला मी दोष देत नाही. महिन्याला आपण त्याच्या हातावर जे टेकवतो आणि जेवढं पाणी त्याला घेऊ देतो, त्यात एवढंच होणार. त्याचे पैसे मी आजही देते, पण काम फक्त काचा आणि आतल्या पायपुसण्यांचं. बाहेरची गाडी मी दर दुसऱ्या रविवारी स्वतः धुते.

आम्ही राहतो सिंहगड रस्त्याला. पुलाचं काम चालू होतं तेव्हा दोन दिवसांत गाडीवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ बसायची. ही धूळ म्हणजे सिमेंट, खडी, वाळूचा चुरा. तिच्यावरून ओलं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणंच. आजच्या गाड्यांना रंगावर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. तो साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. सगळी चमक त्याच थराची. साताऱ्याला बाबा त्यांची फियाट पॉलिश करायचे तेव्हा फडक्याला गाडीचा रंग लागायचा. त्या रंगावर असा वेगळा थर नव्हता. त्यामुळे बाबांचं रॉकेलचं फडकं आणि जुना बनियन आता विसरायचा.

सकाळी सात-साडेसातच्या आत सुरुवात करा. बॉनेटवर हात ठेवून बघा. कोमट जरी लागला तरी थांबा, कारण गरम पत्र्यावर शॅम्पू जागच्या जागी वाळतो आणि त्याचे डाग बसतात. आमच्या सोसायटीत पाइप लावायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. मी झाडांवर फवारायचा पाच लिटरचा हातपंप वापरते. त्यात पाणी आणि दोन झाकणं कार शॅम्पू घालून सगळ्या गाडीवर फवारायचं आणि चार-पाच मिनिटं हात लावायचा नाही. धूळ भिजून फुगते आणि आपोआप खाली ओघळायला लागते. मग पंपात साधं पाणी भरून ती धुवून काढायची. या दोन फवारण्यांत निम्मं काम होतं, आणि लोक नेमकी हीच पायरी गाळतात. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर मात्र नको. त्याने मळाबरोबर वॅक्सही निघून जातं.

चाकं आधी उरकून घ्या. त्यांची बादली, ब्रश, फडकं सगळं वेगळं. रिमवरची काळी पूड ब्रेकमधून झडलेली असते, तिच्यात लोखंडाचे कण असतात. ते फडकं चुकूनही दारांना लागता कामा नये.

आता दोन बादल्या. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मोजा साध्या पाण्यात खळखळून पिळायचा आणि मगच पुन्हा शॅम्पूत घालायचा. पहिल्यांदा असं केलं तेव्हा गाडी संपल्यावर साध्या पाण्याची बादली मी मुद्दाम दहा मिनिटं तशीच ठेवली. वरचं गढूळ पाणी हळूच ओतलं तर तळाशी बोटाला करकरेल असा चमचाभर गाळ. इतकी वर्षं तो दर वेळी गाडीवरच फिरत होता. टपापासून सुरू करा, मग काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग. चाकांजवळचा आणि बंपरचा खालचा भाग सगळ्यात शेवटी. हात गोल फिरवायचा नाही, सरळ पुढे-मागे, आणि जोर लावायचा नाही. पुन्हा दोनदा साधं पाणी फवारून शॅम्पू धुवून काढला की झालं. सगळं मिळून चाळीसेक लिटरात भागतं.

पुसायला उशीर नको. बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असतं. थेंब वाळला की क्षारांचा पांढरा गोल उरतो. जाड मायक्रोफायबरचा पंचा पत्र्यावर पसरायचा आणि हलकेच ओढून घ्यायचा. डाग पडलेच असतील तर पांढरं व्हिनेगर आणि तितकंच पाणी फडक्यावर घेऊन अर्धा मिनिट टेकवा आणि लगेच धुवून टाका. हे पंचे धुताना कम्फर्टसारखं काही घालू नका, ते पाणी शोषेनासे होतात.

कबुतराची विष्ठा दिसली तर रविवारची वाट बघायची नाही. ती आम्लधर्मी असते, आणि उन्हात तापली की क्लिअर कोटवर खड्डा पाडते. ओला टिश्यू दहा मिनिटं वर ठेवा, मऊ झाली की उचलून घ्या. दसऱ्याच्या हळदीकुंकवाचंही तेच. आमच्या शेजाऱ्यांच्या पांढऱ्या गाडीवर ओल्या हळदीचं स्वस्तिक दिवाळीपर्यंत राहिलं आणि मग पिवळी सावली काही केल्या जाईना. पूजा जरूर करा, मीही करते, पण काचेवर करा, आणि संध्याकाळी भरपूर पाण्याने धुवून घ्या.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीआधी, मी एक तपासणी करते. धुतलेल्या गाडीवर हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोटं फिरवायची. स्वच्छ दिसणारा पत्राही रव्यासारखा खरखरीत लागतो. रंगात रुतलेले ते कण धुऊन निघत नाहीत, त्यांना क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी, लागतो. शॅम्पूचं पाणी फवारत तो हलक्या हाताने फिरवा, मळकट झाला की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. जमिनीवर पडला तर तो तुकडा सरळ फेकून द्या. त्यानंतर वॅक्सचा अगदी पातळ हात. जास्त लावल्याने जास्त टिकत नाही, नुसतं पुसायला जड जातं.

पावसाळ्यात धुण्यापेक्षा निचरा महत्त्वाचा. वायपरखालच्या जाळीत गुलमोहराची बारीक पानं साचतात, ती हाताने वेचून काढा. दोन वर्षांपूर्वी वळणावर डाव्या दारातून डुबुक डुबुक आवाज यायला लागला. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती चिखलाने बुजली होती. झाडूची काडी घातली आणि तांब्याभर तांबूस पाणी माझ्या पायावर आलं. पत्रा आतून गंजायला लागला होता. आता जूनपासून दर महिन्याला चारही दारांत काडी घालते.

आतलं काम सोपं आहे. आधी व्हॅक्यूम, मग डॅशबोर्डला ओलसर फडकं. तेलकट चमक आणणारे स्प्रे नकोत, त्यांचं प्रतिबिंब काचेत पडतं. काच बाहेरून उभी पुसा आणि आतून आडवी, म्हणजे राहिलेला ओघळ कुठल्या बाजूचा ते लगेच कळतं. पायपुसण्या गॅलरीत उलट्या टाकून पूर्ण वाळवा. वरून कोरड्या लागतात, पण खालची लव ओलीच असते. तशाच आत टाकल्या तर एसी लावल्याबरोबर तो कुबट वास येतो.