रायटिंग कोर्सच्या शेवटी रिफ्लेक्शन लिहायचं असतं, ते कसं लिहावं

अमेरिकेत बारावीनंतर शिकायला आलेल्या आपल्या मुलांना पहिल्या वर्षी बहुतेक कॉलेजात फर्स्ट इयर कंपोझिशन, म्हणजे निबंध लिहायला शिकवणारा कोर्स, घ्यावंच लागतं, मग मेजर कंप्युटर सायन्स असो नाहीतर बायोलॉजी. सेमिस्टर संपताना सगळे निबंध पोर्टफोलिओत घालायचे आणि सोबत दोन-तीन पानांचं रिफ्लेक्शन द्यायचं, की या कोर्समध्ये लेखक म्हणून तुमच्यात काय बदल झाला. इथे भलीभली हुशार मुलं अडकतात. आपल्याकडे निबंध लिहिला, मार्क मिळाले, विषय संपला, तो कसा लिहिलास असं बोर्डाच्या पेपरात कुणी विचारत नाही. मग पानभर येतं काय तर माझं लेखन खूप सुधारलं, ग्रामर पक्कं झालं, कॉन्फिडन्स वाढला, मॅडमचे आभार. मी कॉलेजच्या रायटिंग सेंटरमध्ये, म्हणजे मुलांना लेखनात मदत करणाऱ्या केंद्रात, ट्यूटर आहे आणि असं वाचलं की खरंच वाईट वाटतं, कारण त्याच मुलांचे ड्राफ्ट उघडले की बदल ढळढळीत दिसत असतो, फक्त तो कागदावर आलेला नसतो.

म्हणून आधी लिहायला बसूच नका, आधी ड्राफ्ट काढा. गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर फाइल मेनूत व्हर्जन हिस्टरी असते, तिथे जुनी रूपं तारखेनुसार मिळतात. कुठल्याही एकाच निबंधाचा पहिला आणि शेवटचा ड्राफ्ट प्रिंट करून शेजारी-शेजारी ठेवा आणि पेन घेऊन खुणा करा, काय उडवलं, काय वर नेलं, कुठे नवीन परिच्छेद आला. प्रोफेसरच्या आणि पीअर रिव्ह्यूच्या (वर्गातल्या मुलांनी एकमेकांचे ड्राफ्ट वाचून दिलेल्या) कमेंट्सही उघडून ठेवा.

खुणा करताना नुसते बदललेले शब्द मोजू नका. लेखन कसं शिकवावं यावर संशोधन करणाऱ्या नॅन्सी सॉमर्स यांचा 1980 चा एक अभ्यास या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असतो, त्यात 20 विद्यार्थी आणि 20 मुरलेले लेखक घेतले होते, आणि सॉमर्स यांना दिसलं की विद्यार्थी रिव्हिजन, म्हणजे ड्राफ्टवर पुन्हा काम करणं, म्हणजे नुसतं शब्द बदलणं समजतात, तर मुरलेले लेखक आपल्याला नेमकं म्हणायचंय काय तेच पुन्हा शोधतात, अख्खी मांडणी हलवतात, वाचणारा कोण आहे याचा विचार करतात. तुमच्या दोन ड्राफ्टमध्ये असा दुसऱ्या जातीचा एक जरी बदल सापडला ना, तर तुमचं रिफ्लेक्शन त्याच्यावर उभं राहतं.

समजा निबंध पुण्याच्या बीआरटीवर, म्हणजे बससाठी राखीव लेनच्या योजनेवर, होता. पहिल्या ड्राफ्टची सुरुवात: "आजच्या धावपळीच्या युगात वाहतूक ही एक ज्वलंत समस्या बनली आहे." शेवटच्या ड्राफ्टची: "कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर 2006 मध्ये बससाठी वेगळी लेन आली, पण रस्त्याच्या मधल्या स्टॉपपर्यंत म्हातारं माणूस सुखरूप कसं पोचणार हा प्रश्न लेन आखून सुटत नाही." आता यावर "माझी सुरुवात जास्त प्रभावी झाली" असं लिहिलंत तर हातातलं सोनं टाकून दिलंत. असं लिहा: पहिलं वाक्य कुठल्याही शहराला चालेल असं होतं, पीअर रिव्ह्यूमध्ये वर्गातल्या मुलीने विचारलं की पुण्यात नेमकं काय बिघडलंय, तिला सांगताना माझ्या लक्षात आलं की माझा मुद्दा ट्रॅफिकचा नाहीच, पायी चालणाऱ्याचा आहे, म्हणून मी मेट्रोवरचा अख्खा परिच्छेद काढला, जरी त्यासाठी दोन दिवस वाचन केलं होतं. बघा, यात निर्णय आहे, तो का घेतला ते आहे, आणि काय सोडावं लागलं तेही आहे. एवढं एक उदाहरण नीट उलगडलं की पान भरतं आणि वाचणाऱ्याला पटतं पण. दोन्ही वाक्यं जशीच्या तशी कोट करा, चुका दुरुस्त करून नाही.

सिलॅबसमध्ये कोर्स आउटकम्स, म्हणजे कोर्स संपल्यावर तुम्हाला काय यायला हवं ते, दिलेले असतात ते जरूर वाचा. बऱ्याच कॉलेजांचे आउटकम्स रायटिंग प्रोग्रॅम चालवणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या निवेदनावर बेतलेले असतात, 2014 च्या रूपात त्याचे चार भाग आहेत: वाचक आणि प्रसंग ओळखून लिहिणं, चिकित्सक वाचन-लेखन, लेखनाची प्रक्रिया, आणि लेखनाचे संकेत. चारही भागांना एकेक परिच्छेद वाटत बसू नका, सगळंच पातळ होतं. प्रोफेसरने सगळे मागितले नसतील तर ज्याचा पुरावा तुमच्या ड्राफ्टमध्ये आहे असे एक-दोन घ्या, पुरे.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय. मराठी मीडियमची मुलं बऱ्याचदा अख्खं रिफ्लेक्शन "माझं इंग्लिश कच्चं होतं" यावरच लिहितात. असं करू नका प्लीज. प्रश्न लेखनाचा आहे, आणि तुम्ही कोऱ्या पाटीने आलेला नाही. वक्तृत्व स्पर्धेत उभं राहून समोरच्याला पटवून द्यायची सवय, दोन भाषांत वाचायची सवय, यातलं काय इथे उपयोगी पडलं आणि काय बाजूला ठेवावं लागलं, हे लिहिलंत तर ते फक्त तुम्हीच लिहू शकाल असं होईल.

जे अजून जमत नाही तेही लिहा, पण नेमकं. "अजून सुधारणेला वाव आहे" हे वाक्य कुणाच्याही नावावर खपेल. त्याऐवजी लिहा की दुसऱ्याचं मत कोट केल्यावर त्याला उत्तर न देताच मी पुढच्या मुद्द्यावर जातो, आणि पुढच्या सेमिस्टरच्या लॅब रिपोर्टमध्ये डिस्कशन लिहिताना याच्याकडे लक्ष देणार आहे.

शेवटच्या आठवड्यात रायटिंग सेंटरच्या अपॉइंटमेंट पटापट भरतात, तेव्हा आधीच बुक करा, आणि येताना रिफ्लेक्शनसोबत तो जुना पहिला ड्राफ्ट पण घेऊन या, मला आधी तोच वाचायचा असतो.