जुनी कन्व्हर्टिबल घ्यायचीय? मग आधी पाण्याचा माग काढा

जुनी कन्व्हर्टिबल, म्हणजे कापडी टप दुमडून उघडी करता येणारी गाडी, बघायला गेलं की बहुतेकजण आधी बॉनेट उघडायला लावतात, इंजिनाचा आवाज ऐकतात आणि तिथेच प्रेमात पडतात. माझं म्हणणं असंय की इंजिनाकडे सगळ्यात शेवटी बघा, आधी या गाडीत पाणी कुठून शिरलं आणि कुठे साचलं ते शोधा. इंजिन खोलता येतं, बोअरिंग करता येतं, अगदी दुसरंही बसवता येतं. आतून सडलेला पत्रा कापून नवीन वेल्ड करायचं काम मात्र महिनोन्‌महिने चालतं आणि खर्च कुठे थांबेल ते काम करणाऱ्यालाही आधी सांगता येत नाही.

मॉडेल ठरवताना एकच प्रश्न विचारा, वीस वर्षांनी हिचे पार्ट मिळतील का? एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार 1962 ते 1980 बनत होती, बंद टपाची जीटी धरून पाच लाखांच्या वर गाड्या निघाल्या, आणि 1988 पासून तर तिची आख्खी बॉडी नवीन बनवून मिळायला लागली. माझदाची छोटी दोन सीटची कन्व्हर्टिबल एमएक्स-5 आली 1989 ला आणि 2016 मध्ये तिने दहा लाखांचा आकडा गाठला. पहिलीच जुनी गाडी असेल तर अशीच भरपूर बनलेली घ्या. दुर्मिळ गाडी दिसायला भारी असते हे मान्य, पण एका काचेसाठी किंवा एका रबर बीडिंगसाठी ती वर्षभर उभी राहू शकते.

आता गाडी बघायची कशी. दिवसा जा, गाडी कोरडी असताना जा (ओल्या अंगावर पेंट एकसारखा चमकतो, खालचं काही दिसत नाही) आणि मालकाला आधीच सांगून ठेवा की इंजिन गरम करून ठेवू नका. बंद गाडीला पत्र्याच्या टपाचा आधार असतो, इथे तो नाही, म्हणून सगळा भार फ्लोअरवर आणि दाराखालच्या लांब पोकळ पट्ट्यावर, म्हणजे सिलवर येतो. सिल सडलं की गाडी मधून वाकायला लागते. ते ओळखायला दार आणि बॉडीमधली फट बघा, वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर काहीतरी खचलंय. मग मालकाला विचारून पुढची बाजू जॅकवर घ्या आणि दार उघडून-लावून बघा, सहज लागलं पाहिजे, अडकलं तर मी तरी त्या गाडीचा नाद सोडून देईन.

मऊ कपड्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक सोबत न्या. सिलवर, चाकांच्या कमानींवर, दाराच्या खालच्या कडेला लावत जा, जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी भरलेली असण्याची शक्यता जास्त. फक्त मॉडेलची माहिती आधी काढा, सुरुवातीच्या एमजीबींचं बॉनेट ॲल्युमिनियमचं होतं, तिथे चुंबक चिकटणारच नाही आणि त्यात काही खोट नाही.

मग कार्पेट उचला. खाली हात घालून दाबून बघा, डिकीत स्टेपनीची जागाही बघा. पहिल्या पिढीच्या एमएक्स-5 मध्ये टपावरचं पाणी सीटमागच्या दोन नळ्यांतून खाली जातं, त्या नळ्या पाला-मातीने तुंबल्या की पाणी आत साचतं आणि मागच्या चाकाच्या पुढचं सिल आतून कुजत जातं, बाहेरून पेंटला फुगा येईपर्यंत उशीर झालेला असतो. टप स्वतः दोनदा उघडा आणि लावा. फाटलेलं कापड नवीन बसवता येतं, वाकलेली फ्रेम त्रास देते.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो. थंड असताना सेल्फ मारा, सायलेन्सरमधून निळा धूर आला तर ऑइल जळतंय, गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधी चिकटा असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालची सीलबंद करणारी पट्टी, गेल्याचा संशय घ्या. चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदांशी स्वतः ताडून बघा, फोटोवर विश्वास ठेवू नका.

गाडी घरी आली की लगेच लांब फिरायला काढू नका, कितीही मोह झाला तरी. आधी टायर, बाजूला कोरलेला चार आकडी कोड वाचा, 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. कोड तीन आकडी असेल तर टायर 2000 च्या आधीचा आहे, नक्षी नवी दिसली तरी काढून टाका, कारण रबर आतून कडक झालेलं असतं. पेट्रोलचे पाइप पण बदला, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला चिरा पाडतं आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे सरळ आग. ब्रेकचं ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे ते उकळायचं तापमान उतरतं आणि ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात, दर दोन वर्षांनी ते बदलायचंच, गाडी चालली असो वा नसो. ग्रीसिंगच्या जागा मॅन्युअल बघूनच करा, प्रत्येक गाडीचं वेगळं असतं, ट्रायम्फ स्पिटफायर या जुन्या ब्रिटिश कन्व्हर्टिबलच्या पुढच्या ट्रनियनमध्ये, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या सांध्यात, गिअर ऑइल घालायचं असतं, तिथे सवयीने ग्रीस भरलं तर सांधा लवकर खराब होतो आणि तो तुटला की चाकच आडवं होतं.

टपाचे नियम सोपे आहेत पण पाळावे लागतात. ओला टप कधीच घडी घालू नका, बुरशी धरते. मागची खिडकी प्लास्टिकची असेल तर कडाक्याच्या थंडीत घडी घालू नका, तडा जातो, आणि एमएक्स-5 सारखी चेन असेल तर आधी चेन उघडून खिडकी सपाट करा मगच टप पाडा. गाडी बरेच दिवस उभी ठेवणार असाल तर टप लावून ठेवा, नाहीतर कापड घडीतच आखडतं आणि नंतर ओढून लावताना शिवण उसवते. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आतली दमट हवा आतच राहते, हवा खेळणारं कापडी कव्हर घ्या.

उभ्या गाडीबद्दल एक चुकीची सवय सगळीकडे दिसते, आठवड्यातून पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करायचं. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, इंजिन नीट तापलं नाही तर ती ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचते, म्हणजे तुम्हीच हाताने आत पाणी घालताय. एकतर निदान अर्धा तास रस्त्यावर चालवून आणा, नाहीतर अजिबात चालू करू नका, बॅटरी काढून ठेवा किंवा चार्ज टिकवणारा चार्जर लावा. माझ्या मते चालवणंच बरं, ऑइल अडवणारे रबरी सील ओले राहतात, ब्रेक जाम होत नाहीत आणि काही वाजायला लागलं तर लवकर कळतं.

एक वही ठेवा, तारीख, किलोमीटर, काय बदललं, कुठला पार्ट कुठून आणला. दहाव्या वर्षी तुमची आठवण दगा देते, वही देत नाही.

आणि गाडीला एमएक्स-5 सारख्या सीटमागच्या नळ्या असतील तर दरवर्षी पावसाआधी त्यांत वरून मगभर पाणी ओता आणि खाली वाकून बघा, दोन्ही बाजूंनी धार पडली पाहिजे. एका बाजूने नुसतं ठिबकत असेल तर जाड, लवचिक नायलॉनची दोरी हळूच घालून कचरा मोकळा करा, टोकदार तार घालू नका, नळीला भोक पडतं आणि मग ते पाणी थेट सिलमध्ये जातं.