स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी साइटवर कसं बोलावं

गेली चौदा वर्षं मी पुण्याच्या पश्चिमेकडच्या साइट्सवर इंजिनीअर म्हणून उभी आहे. कामाचं वेळापत्रक, बजेट, बारचार्ट हे सगळं ऑफिसात बनतं. पण काम घडतं ते सेंटरिंगचा (म्हणजे स्लॅबखालचा साचा आणि टेकू उभारणारा) मुकादम, सळईवाला फिटर, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांच्या हातून. म्हणून सांगितलेली गोष्ट त्या हातापर्यंत पोहोचली की नाही, हे स्वतः बघायचं. नव्याने साइटवर येणाऱ्या मुलामुलींसाठी माझी पद्धत इथे मांडते.

आधी ड्रॉइंग. आर-थ्री, म्हणजे ड्रॉइंगची तिसरी सुधारित आवृत्ती, आलं की आर-टूच्या सगळ्या प्रती गोळा करा, लाल पेनाने आडवी फुली मारून ‘रद्द’ लिहा आणि मगच नवीन वाटा. एका इमारतीत बाथरूमच्या डक्टचा कटआउट (पाइप जाण्यासाठी स्लॅबमध्ये सोडलेली मोकळी जागा) नव्या ड्रॉइंगमध्ये डावीकडून उजवीकडे गेला होता. मी नव्या ड्रॉइंगचा फोटो ग्रुपवर टाकला आणि निर्धास्त झाले. फिटरच्या खिशात जुन्या ड्रॉइंगची घडी होती. स्लॅब भरला. मग पाच इंच काँक्रीट फोडणं, कन्सल्टंटकडून (इमारतीचं स्ट्रक्चरल डिझाइन करणाऱ्या इंजिनीअरकडून) जादा सळईचा तपशील घेणं, पुन्हा भरणं. बारा दिवस गेले. चूक माझी होती. मी पाठवलं होतं, पोहोचवलं नव्हतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आदल्या दिवशी दुपारी चारला सगळ्यांना स्लॅबवर बोलवा, केबिनमध्ये नको. आणि ‘समजलं का?’ हा प्रश्न तिथे विचारू नका. त्याला उत्तर कायम ‘हो मॅडम’ असंच येतं. त्याऐवजी दाखवायला सांगा. मी सेंटरिंगच्या मुकादमाला, मामांना, संक (बाथरूमसाठी स्लॅब खाली घेतलेला भाग) असा विचारते:

“मामा, बाथरूमचा संक कुठून कुठपर्यंत?”

मामा फळीवरून चालत जातात, पायाने कड दाखवतात. “इथून त्या बीमपर्यंत.”

“खाली किती?”

“बारा इंच.”

“आणि ड्रेनची स्लीव्ह, पाइपसाठी काँक्रीटमध्ये आधीच बसवायची नळी?”

इथे मामा प्लंबरकडे बघतात आणि प्लंबर माझ्याकडे. म्हणजे स्लीव्ह अजून बसलेली नाही. ही गोष्ट कुठल्याच मेसेजमधून कळली नसती.

मापांचं खास सांगायला हवं. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असतं, साइट बोलते सुतात आणि इंचात. आठ सूत म्हणजे एक इंच. दहा एमएमची सळई म्हणजे तीन सूत, बाराची चार सूत, सोळाची पाच सूत. ‘दीडशेवर बांधा’ म्हणजे दोन सळयांमध्ये दीडशे मिलिमीटर, सहा इंच अंतर. नुसतं ‘सहा’ म्हणालात तर एक जण इंच समजेल, दुसरा सूत, म्हणजे वीस एमएमची सळई. तेव्हा एकक उच्चारा, दोन्ही भाषांत सांगा आणि मार्करने शटरिंगच्या (साच्याच्या) प्लायवरच लिहा: ‘३ सूत, ६ इंच’. फिटर झारखंडचे असतील तर आकडा हिंदीतही म्हणा.

आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) प्लांटला फोन कराल तेव्हा ग्रेड (काँक्रीटची ताकद), घनमीटर, स्लंप (काँक्रीट किती पातळ हवं ते), पहिली गाडी किती वाजता आणि दोन गाड्यांमध्ये किती अंतर, एवढं सांगा आणि त्यांच्याकडून परत म्हणून घ्या. पंपवाला वेगळा असेल तर त्यालाही वेगळा फोन.

फोनवरचं ‘चालेल’ मात्र कधीच धरू नका. १९८१ साली अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात टांगलेले पादचारी पूल कोसळून ११४ माणसं गेली. एका लांब दांड्याऐवजी दोन आखूड दांडे वापरायचा बदल झाला होता आणि त्यामुळे वरच्या पुलाच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. बदल फोनवर विचारला होता की नाही, यावर नंतर दोन्ही बाजूंचं जुळलं नाही. आपल्या साइटवर कन्सल्टंट फोनवर हो म्हणाले, की त्याच संध्याकाळी दोन ओळी लिहून पाठवा: काय बदललं, कुठल्या बीमला. उत्तर आल्याशिवाय पोर कार्डावर, म्हणजे काँक्रीट भरायला परवानगी देणाऱ्या कागदावर, सही करू नका.

रात्री आठला फिटर येऊन “मॅडम, सळई कमी पडतेय” म्हणाला तर आवाज चढवू नका. आज ओरडलात तर पुढच्या वेळी तो कमी सळईतच बांधून मोकळा होईल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. त्याला बसवा, किती कमी ते मोजून घ्या, गरज पडली तर काँक्रीटच्या गाडीची वेळ पुढे ढकला.

स्लॅब भरून झाला की टेकू कधी काढायचे हेही तेव्हाच सांगून ठेवा. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटला (ऑर्डिनरी पोर्टलंड) साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४ दिवस ठेवायचे. बीमना आणखी जास्त. पीपीसी सिमेंट (पोर्टलंड पोझोलाना) असेल तर कन्सल्टंटला विचारून मुदत वाढवा. सेंटरिंगवाल्यांना फळ्या पुढच्या मजल्याला हव्या असतात, घाई असते, आणि महिन्यात टोळीही बदलते. मी खालच्या मजल्याच्या कॉलमवर लाल रंगात हातभर अक्षरांत भरल्याची तारीख आणि टेकू काढायची तारीख लिहून घेते, आणि ती लिहायला ब्रश मुकादमाच्याच हातात देते.