राज्याच्या हवामान धोरणासाठी डॉक्टरांनी पाठपुरावा कसा करावा

दरवर्षी मे महिन्यात पारा चढला की डॉक्टरांच्या संघटना जाग्या होतात, 'हवामानबदलावर तातडीने उपाययोजना करा' असे निवेदन तयार करतात, ते जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती देताना छायाचित्र काढून घेतात, आणि मग ते निवेदन 'उचित कार्यवाहीसाठी' असा शेरा घेऊन एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरत राहते. यात शासनाची अनास्था असतेच. परंतु करण्याजोगे असे काही त्या निवेदनात सांगितलेलेच नसते, हेही तितकेच खरे आहे. हा लेख महाराष्ट्रात काम करणाऱ्या डॉक्टर, परिचारिका आणि सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील मंडळींसाठी आहे. हवामानबदलाचा आरोग्याशी काय संबंध आहे, हे त्यांना नव्याने समजावण्याची गरज नाही.

सुरुवात एकच विषय निवडण्यापासून करावी. उष्माघात, डेंग्यू, पुरानंतरचा लेप्टोस्पायरोसिस, हवेचे प्रदूषण यांपैकी जे आपल्या ओपीडीत प्रत्यक्ष दिसते तेच घ्यावे. पुढील विवेचनासाठी मी उष्म्याचे उदाहरण घेतो.

दुसरे काम सह्यांचे. ते सोपे आहे, फक्त शासकीय सेवेतील सहकाऱ्यांना भरीस घालू नये. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ त्यांना लागू आहेत. त्यांनी आपले म्हणणे वरिष्ठांमार्फतच मांडावे आणि निवेदनावर खासगी व्यावसायिकांनी व संघटनांनी सह्या कराव्यात.

त्यानंतर अधिकार कोणाचा आहे ते शोधावे. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा विषय आहे, त्यामुळे आरोग्य यंत्रणेच्या तयारीबाबत राज्याला दिल्लीकडे बोट दाखवता येत नाही. मात्र 'राज्य शासन' नावाचे एकच कार्यालय कोठेही नसते. रुग्णालयातील सज्जता सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, बांधकाम मजुरांच्या कामाच्या वेळा कामगार विभागाकडे, शाळांच्या वेळा शालेय शिक्षण विभागाकडे आणि आपत्तीचा निधी मदत व पुनर्वसन विभागाकडे असतो. पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाच्या नावातच आपला विषय असल्यामुळे सगळे तिकडे धावतात, पण उष्माघाताच्या रुग्णासाठी दवाखान्यात बर्फ ठेवण्याचा आदेश तो विभाग काढू शकत नाही. वीजकेंद्रांच्या धुराबद्दल बोलायचे असेल, तर उत्सर्जनाचे निकष केंद्र सरकार ठरवते हे लक्षात ठेवावे. तथापि चंद्रपूर, कोराडी आणि खापरखेडा येथील केंद्रे महानिर्मितीची, म्हणजे राज्याच्याच मालकीच्या कंपनीची आहेत. तेथे नियामक म्हणून नव्हे, तर मालक म्हणून राज्याकडे मागणी करता येते, आणि ही वाट फारसे कोणी चोखाळत नाही.

आता खरा कठीण टप्पा येतो, तो म्हणजे आपल्या अनुभवाचे एका पानाच्या मागणीत रूपांतर करणे. मला याच टप्प्याने सर्वाधिक छळले. आपण रुग्ण पाहिलेले असतात, कळकळ असते, संदर्भांचा ढीग असतो, आणि तरीही कागद पुढे सरकत नाही. मंत्रालयातील एका कक्ष अधिकाऱ्यांनी माझे लांबलचक निवेदन शांतपणे वाचून विचारले होते, "डॉक्टरसाहेब, हे सगळं पटतं, पण मी टिप्पणीत लिहू काय?" नस्ती, म्हणजे शासकीय फाईल, त्यांच्या टेबलावरून सुरू होते, आणि तिच्यावरील त्यांचा लेखी अभिप्राय म्हणजे टिप्पणी. त्यांना टिप्पणीचा शेवटचा परिच्छेद लिहिता येईल असे वाक्य आपण दिले नाही, तर मंत्री कितीही अनुकूल असले तरी उपयोग होत नाही.

या पानाचा पहिला निम्मा भाग पुराव्याचा असावा, आणि तो पुरावा स्थानिक असावा. वितळणारे हिमनग आणि जागतिक तापमानवाढीचे आलेख कृपा करून वगळावेत. ते अधिकाऱ्यांनी पाहिलेले असतात. अहमदाबादचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. मे २०१० मध्ये तेथील तापमान ४६.८ अंशांवर गेले. त्या महिन्यात उष्माघात म्हणून नोंदलेले मृत्यू न मोजता संशोधकांनी सर्व कारणांच्या एकूण मृत्यूंची २००९ आणि २०११ मधील त्याच काळाशी तुलना केली, तेव्हा १,३४४ जादा मृत्यू आढळले. महापालिकेने २०१३ मध्ये दक्षिण आशियातील पहिला शहरी उष्णता कृती आराखडा लागू केला, त्यामागे २०१० चा हाच अनुभव होता. आपल्या शहरातील जन्म-मृत्यू नोंदणी विभागाकडून दिवसवार मृत्यूंचे आकडे माहितीच्या अधिकारात मागता येतात. त्यांत नावे नसल्यामुळे गोपनीयतेचाही प्रश्न येत नाही. ही तुलना करण्यासाठी संख्याशास्त्रज्ञ असण्याची गरज नाही, मात्र निष्कर्ष लिहिण्यापूर्वी एखाद्या संख्याशास्त्रज्ञाला तो जरूर दाखवावा.

येथे एक इशारा देतो. 'हे मृत्यू हवामानबदलामुळे झाले' असे लिहू नये. अतिउष्ण दिवसांत मृत्यू वाढले, एवढे आपण सिद्ध करू शकतो. त्यातील किती वाटा मानवनिर्मित तापमानवाढीचा आहे हे सांगणे निराळ्या शास्त्राचे काम आहे. एक अतिशयोक्त वाक्य सापडले, तर त्याच्या आधारे संपूर्ण निवेदन बाजूला सारले जाते, आणि आपल्यातीलच एखादा ज्येष्ठ सल्लागार ते वाक्य अधिकाऱ्यांना दाखवून देतो.

पानाचा दुसरा निम्मा भाग मागणीचा असावा, आणि मागणी एकच असावी. दहा मागण्यांच्या निवेदनातून शासन सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निरुपयोगी मागणी निवडते, जी बहुधा जनजागृतीची असते. 'उष्माघाताबाबत रुग्णालये सुसज्ज करावीत' ही मागणी नव्हे, सदिच्छा आहे. तिचे मागणीत रूपांतर कसे होते ते पाहू. उष्माघाताच्या निदानासाठी शरीराच्या आतील तापमान ४० अंश किंवा अधिक आणि त्याबरोबर शुद्ध हरपणे किंवा भ्रम, अशी लक्षणे पाहतात. अनेक ठिकाणी तापमान काखेत मोजले जाते, जे आतील तापमानापेक्षा कमी भरते, आणि साध्या थर्मामीटरची पट्टी ४२ अंशांवर संपते. रस्त्याच्या कामावरचा मजूर बेशुद्धावस्थेत येतो, केसपेपरवर तापमानाचा रकाना रिकामा राहतो, आणि मृत्यू झाल्यास कारणाच्या प्रमाणपत्रावर, म्हणजे नमुना ४ वर, 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट', म्हणजे हृदय व श्वास बंद पडणे, असे लिहिले जाते. ती मृत्यूची रीत आहे, कारण नव्हे. उष्म्यासाठी आयसीडी-१० या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात टी६७ आणि एक्स३० हे संकेतांक असूनही ते वापरलेच जात नाहीत, आणि मग विधिमंडळाच्या सभागृहात उत्तर दिले जाते की अमुक जिल्ह्यात उष्माघाताचा एकही मृत्यू नाही.

यातून निघणारी मागणी अशी: 'सार्वजनिक आरोग्य विभागाने १ मार्चपूर्वी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रास आणि ग्रामीण रुग्णालयास गुदमार्गाने तापमान मोजण्याचे उपकरण पुरवावे, आणि मार्च ते जुलै या काळात बेशुद्धावस्थेत दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाचे असे तापमान केसपेपरवर नोंदणे बंधनकारक करणारे परिपत्रक काढावे.' या वाक्यात विभाग, तारीख, वस्तू आणि दस्तऐवज हे चारही घटक आहेत. त्याखाली संस्थांची संख्या, अंदाजित खर्च आणि शक्य असल्यास लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातील ज्या सदराखाली हा खर्च पडेल ते, द्यावे. लेखाशीर्ष जुन्या शासन निर्णयांत सापडते आणि ते शोधण्याचा कंटाळा करू नये. ही मागणी फार किरकोळ आहे, मोठ्या धोरणाचे काय, असा आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो. मृत्यू मोजलेच गेले नाहीत तर मोठ्या धोरणासाठी निधी मागायचा कशाच्या आधारावर, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी द्यावे.

नेमक्या निर्णयाला शासन वेळ लावतेच असे नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथील भर उन्हातील कार्यक्रमानंतर १४ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर कार्यक्रम न घेण्याचा निर्णय राज्याने काही दिवसांतच जाहीर केला. त्यासाठी मृत्यूंची वाट पाहावी लागली, ही खेदाची बाब आहे. परंतु वेळ आणि कृती ठरलेली असली की आदेश निघू शकतो, हेही त्यातून दिसते.

निवेदन सप्टेंबर किंवा ऑक्टोबरमध्ये द्यावे, मे महिन्यात कदापि नाही. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो आणि विभागांचे प्रस्ताव त्याच्या कितीतरी आधी तयार होतात. उन्हाळ्यात मागितलेला थर्मामीटर झालाच तर पुढच्या उन्हाळ्यात येतो. शिवाय डिसेंबरमध्ये नागपूरला हिवाळी अधिवेशन असते, त्यामुळे तोवर उत्तर आले नाही तर एखाद्या आमदाराकडून तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, विचारून घेता येतो. प्रश्नाचा मसुदा आपणच लिहून द्यावा. सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाजूंच्या सदस्यांना तो द्यावा, म्हणजे आपल्यावर पक्षाचा शिक्का बसत नाही.

भेटीला तिघांपेक्षा अधिक जणांनी जाऊ नये, औषध कंपनीच्या खर्चाने तर मुळीच जाऊ नये, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नये. महिन्याने त्या क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र पाठवावे. त्यालाही उत्तर न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात त्या नस्तीवरील टिप्पणीची प्रत मागावी. कागद कोणत्या टेबलावर आणि कोणत्या आक्षेपामुळे अडला हे तिच्यातून कळते, आणि पुढचे पत्र केवळ त्या आक्षेपाचे उत्तर देण्यासाठी लिहिता येते.

शासन निर्णय निघाला की बहुतेक संघटना अभिनंदनाचा ठराव करून मोकळ्या होतात. प्रशासकीय मान्यता आणि निधीचे वितरण हे दोन स्वतंत्र आदेश असतात, आणि दुसरा निघेपर्यंत जिल्ह्यात खरेदी होत नाही. म्हणून निर्णयाची प्रत हाती येताच त्याच आठवड्यात निधी वितरणाच्या मागणीचे पत्र द्यावे, आणि फेब्रुवारीअखेर आपल्या परिसरातील दोन-तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाऊन उपकरण आले का, आणि ते कसे वापरायचे हे तेथील परिचारिकांना कोणी शिकवले का, याची प्रत्यक्ष विचारणा करावी.